मालक केशवराव

नमस्कार श्रोतेहो. आज केशवराव भोसल्यांविषयी बोलायचंय. गवई केशवराव तुम्हाला ठाऊक आहेत. मी बोलणार आहे मालक केशवरावांविषयी. त्या काळी ‘निर्माता’ कुणी म्हणत नसे. नाटक मंडळीचा मालक, बस्स. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी, एवढं सगळं बिऱ्हाड घेऊन गावोगाव मुक्काम ठोकणारा माणूस. कोल्हापूरच्या या मुलानं १ जानेवारी १९०८ला हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली, तेव्हा त्याचं वय होतं १७. मिसरूड फुटायच्या वयात मालक!

आता ती रात्र. आमचे आजोबा ही गोष्ट सांगायला लागले की पानाचा डबा मिटून बाजूला ठेवायचे. मलाही ती कितीदा सांगितली तरी पुरत नाही.

तारीख ८ जुलै १९२१. मुंबईतलं बालीवाला थिएटर. लोकमान्यांना जाऊन वर्ष होत आलेलं, टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर पैसा जमत होता. त्या फंडासाठी लागलं संयुक्त ‘मानापमान’, म्हणजे दोन मंडळ्यांनी मिळून केलेलं संगीत नाटक. नायक धैर्यधर केशवराव, नायिका भामिनी बालगंधर्व. दोघेही मालक, बरं का! एक ‘ललितकलादर्श’चा, दुसरा गंधर्व मंडळीचा. एकाच प्रेक्षकावर दोघांचं पोट. केशवरावांची तान चढी, धारदार, शेवटच्या रांगेपर्यंत घुसणारी. गंधर्वांचा गळा लडिवाळ. दोन्हीकडचे भक्त एकाच छपराखाली. आज कोण कोणाला खातो, हे बघायलाच निम्मे आले असतील.

कुणी कुणाला खाल्लं नाही. दोघं एकमेकांच्या साथीनं रंगले. आणि गल्ला? गल्ला मालकांच्या पेटीत गेला नाही. दोन मालक, दोघांच्याही मागं पोसायला अख्खी मंडळी, आणि त्या रात्रीचा गल्ला गेला फंडाला. आजोबा इथं थांबायचे आणि मग डबा उघडायचे.

म्हणून सांगतो, ओळखीच्या निर्मात्याकडे फुकट पास मागू नका. मला ते अजिबात खपत नाही. लग्नात हजाराचं पाकीट देतो आपण, आणि नाटकाला पास हवा! तिकीट काढा, पहिल्या घंटेला आत बसा.

‘संयुक्त मानापमान’ला तीन महिनेही झाले नव्हते. ४ ऑक्टोबर १९२१ला केशवराव गेले. वय ३१. मंडळी मोडली नाही, बापूराव पेंढारकरांनी ती पुढं चालवली.

कोल्हापुरात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, शाहू महाराजांनी बांधवलेलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. सकाळी मी तिथं गेलो होतो. छप्पर कोसळलेलं, ओल्या राखेचा वास रस्त्यापर्यंत येत होता. फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ हातात झेंडूचा हार घेऊन उभे होते. जयंतीसाठी आणलेला. तो कुठं घालायचा, हे त्यांना कळत नव्हतं.