फुगडीचे पाय दिसायला हवेत

नमस्कार मंडळी,

श्रावण तोंडावर आलाय, मंगळागौरींच्या तारखा ठरू लागल्यात, म्हणून हा विषय आजच मांडते. परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळातल्या सगळ्यांनी मिळून मंगळागौरीच्या खेळांचा ऑनलाइन व्हिडिओ संग्रह उभा करायचा आहे. गाणी पुष्कळशी पुस्तकांत उतरली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आज 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. पण ओवी लिहून घेता येते, फुगडी लिहून घेता येत नाही. 'दोघी हात धरून गोल फिरतात' एवढं वाचून आपल्या मुली काय शिकणार?

अगदी साधी फुगडी घ्या. दोघींचे चवडे जवळजवळ भिडलेले, हातांची फुली, कोपरं ताठ आणि अंगाचा भार मागे. पाऊल उचलायचं नाही, चवड्यावर इंच-इंच सरकवायचं. नजर समोरचीच्या चेहऱ्यावर. खाली पाहिलं की गरगरलंच. भार मागे टाकल्याशिवाय वेग येत नाही, आणि समोरची आपल्याला सोडणार नाही ही खात्री असल्याशिवाय भार टाकवत नाही. हे सगळं आपल्याला आई-मावशीने हात धरून शिकवलं. बस फुगडी, दंड फुगडी, एका हाताची फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, लाटणी घेऊन खेळायचे खेळ, प्रत्येकाची अशीच आपापली खुबी आहे.

आपल्याकडे व्हिडिओ नाहीत असं नाही, ढिगाने आहेत. मी गेल्या काही वर्षांचे मंडळातले व्हिडिओ पुन्हा पाहिले. नऊवारी दिसते, नथ दिसते, हसरे चेहरे दिसतात, आणि कंबरेखाली फ्रेम संपते. वरून स्पीकरवर गाणं इतकं मोठ्याने लावलेलं की टाळी कुठे पडते ते कळत नाही. आठवण म्हणून ते छानच आहेत, पण त्यावरून कुणाला खेळ शिकता येणार नाही.

म्हणून शूटिंग वेगळ्या पद्धतीने करू. फोन आडवा, स्टँडवर, डोक्यापासून पायापर्यंत सगळं फ्रेममध्ये. आधी खेळ सावकाश, मग नेहमीच्या वेगात, मग फक्त पाय. रेकॉर्डेड गाणं अजिबात नको, खेळणाऱ्यांनीच म्हणायचं. कुणाच्या मालकीची ध्वनिफीत मागे वाजली, तर यूट्यूबवर तिच्या हक्काचा दावा येऊ शकतो आणि व्हिडिओ अडकू शकतो. आणि कृपा करून कार्पेटवर फुगडी नको. पाय अडकतो, घोटा मुरगळतो. लाकडी फ्लोअर हवा आणि अनवाणी पाय हवेत.

प्रत्येक व्हिडिओसोबत खेळाचं नाव, तो कुठल्या गावात, कुणाकडून आणि साधारण कधी शिकलात, हे लिहायचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण एकाच खेळाची दोन गावांत दोन नावं असतात आणि एकाच नावाचे दोन खेळही असतात. सिंधुदुर्ग आणि गोव्यात गणपतीत फुगड्या घालतात, गोव्यात पौषात मांडावर, म्हणजे खेळासाठी ठरलेल्या अंगणात, बायका समोरासमोर रांगा करून धालो खेळतात, विदर्भात भुलाबाई. वारीत तर पुरुषही फुगडी घालतात. आपल्या संग्रहात 'बरोबर पद्धत' असा रकाना नसेल. तुमच्या आजीची पद्धत माझ्या आजीपेक्षा वेगळी असेल, तर दोन्ही शेजारीशेजारी ठेवू.

आता परवानगीचं. ज्या बाईंचा व्हिडिओ आहे त्यांना तो आधी दाखवायचा, मग विचारायचं. फक्त मंडळापुरता ठेवायचा की सगळ्यांसाठी खुला, हे त्या ठरवतील. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या ऑनलाइन संग्रहावर खुल्या परवान्याने दिलेला व्हिडिओ कुणीही वापरू शकतं आणि तो परवाना मागे घेता येत नाही, हे त्यांना साध्या मराठीत सांगायचं. लहान मुलींचे चेहरे खुल्या संग्रहात नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि संग्रहाचं खातं मंडळाच्या नावावर, किल्ल्या तिघांकडे. कार्यकारिणी बदलते, पासवर्ड जुन्या सेक्रेटरींच्या फोनमध्ये राहतो आणि फोटो कायमचे जातात, हे पुन्हा व्हायला नको.

घाई एवढ्याचसाठी की यातल्या खऱ्या जाणकार आत्ता आपल्या घरात आहेत. आया, सासवा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात, थंडी पडायच्या आत परततात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मावशी खुर्चीत बसून नुसत्या हातांनी खेळ दाखवतील, बाकीच्यांना 'अगं, मागे झुक!' म्हणून ओरडतील. तेही शूट करा. ते ओरडणं म्हणजेच शिकवणं आहे.

पहिलं शूटिंग श्रावणातल्या पहिल्या शनिवारी ठेवू. लाकडी फ्लोअरचा मोठा हॉल कुणाच्या घरी आहे त्यांनी, आणि ज्यांच्याकडे ट्रायपॉड आहे त्यांनी, जेवणाआधी दारापाशी ठेवलेल्या वहीत नाव लिहा. कुणाची आई किंवा सासूबाई इथे आल्या असतील, तर त्यांचं परतीचं तिकीट कधीचं आहे तेही लिहा. ज्यांचं तिकीट सगळ्यात आधीचं, त्यांच्यापासून सुरुवात करू.