सातवा महिना आणि पर्समधला पंप

आज इथे गरोदर मुली आल्यात आणि त्यांच्याबरोबर सासवा, आयाही आल्यात, याचा मला फार आनंद आहे. कारण गरोदरपणी दम्याचा पंप घ्यायचा की नाही, हे बहुतेक घरांत एकटी मुलगी ठरवत नाही.

मागच्या पावसाळ्यात सातव्या महिन्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. तीन शब्द बोलायची, थांबायची, श्वास घ्यायची. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 91. गरोदरपणी तो 95 च्या खाली गेलेला आम्हाला चालत नाही. विचारलं, "पंप घेतेस ना?" म्हणाली, "घेते." पर्समधून रुमालात गुंडाळलेला पंप काढून दिला. काही पंपांना मागे छोटी खिडकी असते, तिथे उरलेल्या पफचा, म्हणजे फवाऱ्यांचा, आकडा दिसतो. पंप रोज घ्यायचा, स्टेरॉइडचा, 120 पफचा, घेऊन दोन महिने झालेले. खिडकीत आकडा होता 118.

मी काही बोलले नाही, पण तिला रडू फुटलं. "घरी म्हणतात, पंप उष्ण पडतो. बाळाला त्रास होईल."

मला तिचा राग आला नाही. बाळाच्या मायेपोटीच ती दम कोंडून बसली होती. पण त्या दिवशी तिला ऑक्सिजन लावावा लागला, नेब्युलायझरने औषधाची वाफ द्यावी लागली आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या. ज्या औषधाला भिऊन पंप बाजूला ठेवला, त्याच जातीचं औषध पोटातून, मिलिग्रॅमच्या मापात घ्यायची वेळ आली.

हे माप जरा नीट समजून घ्या. सालबुटामॉलच्या, म्हणजे लगेच आराम देणाऱ्या, पंपाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याचीच गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅमची. म्हणजे एक गोळी बरोबर 40 पफ! गोळी पोटातून रक्तात जाऊन अंगभर फिरते. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत जातं, रक्तात फार थोडं उतरतं. रोज घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपांपैकी ब्युडेसोनाइडचा अनुभव गरोदर बायकांमध्ये सगळ्यात जास्त आहे, आणि तो दिलासा देणारा आहे.

बाळाचं काय? बाळ स्वतः श्वास घेत नाही. आईच्या रक्तातून जेवढा प्राणवायू मिळेल, तेवढ्यावरच त्याचं चालतं. दमा आटोक्यात नसेल तर बाळ कमी वजनाचं होण्याचा, दिवस भरण्याआधी येण्याचा आणि आईचा रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो.

दिवस गेल्यावर दम्याचं काय होईल, हे आधी सांगता येत नाही. साधारण तिघींपैकी एकीला बरं वाटतं, एकीचा त्रास वाढतो, एकीचं आहे तसंच राहतं. त्रास वाढतो तो बहुधा सहाव्या महिन्यापासून पुढे. आता, थोडी धाप गरोदरपणात बऱ्याच जणींना लागते. पण छातीत शिट्टी वाजत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, आराम देणारा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर तो दमाच समजा आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे या. आपल्या मनाने रोजचा पंप बंद करू नका.

पंप घेण्याच्या पद्धतीचंही सांगते. रोटाहेलरची, म्हणजे कोरडी पूड ओढायच्या पंपाची, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कुणी दाखवलंच नाही, तर त्या तरी काय करणार? ती कॅप्सूल रोटाहेलरमध्ये घालून जोरात, खोल ओढायची. फवाऱ्याच्या पंपाचं उलटं असतं. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना सावकाश आत ओढायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर फारच चांगलं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची.

आणि बाळंतपणाच्या फाइलवर पहिल्याच पानावर ठळक 'दमा' लिहून घ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला कार्बोप्रोस्टचं इंजेक्शन देतात, रक्तदाबाला लॅबेटालॉल देतात. दोन्हींनी दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी कळलं तर ते दुसरं औषध निवडतात. पंप कळांमध्येही घ्यायचा, अंगावर पाजतानाही घ्यायचा.

बरं, आता पर्समधले पंप बाहेर काढा. मी एकेकीजवळ येते, मला घेऊन दाखवा. सासूबाई, तुम्हीही जवळ या, घरी तुम्हालाच बघायचंय.