शौचावरचा ताबा आणि मज्जातंतूंचे उद्दीपन

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या त्रासाबद्दल मी बोलणार आहे, तो अनेक जण डॉक्टरांनाही सांगत नाहीत. इच्छा नसताना मल किंवा वायू निसटणे, घाईची जाणीव झाली की शौचालय गाठण्याइतकीही उसंत न मिळणे, किंवा काही कळण्याआधीच कपडे खराब होणे, अशी या त्रासाची निरनिराळी रूपे आहेत. ज्यांना तो असतो ती माणसे हळूहळू प्रवास टाळू लागतात, बाहेर पडण्यापूर्वी काही खात नाहीत, कोठेही गेल्यावर आधी शौचालय कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवतात, आणि पुष्कळदा आपल्या जोडीदारालाही खरे कारण सांगत नाहीत. वय झाले की हे असेच चालायचे, असे मनाला समजावून ती वर्षानुवर्षे काढतात. ही समजूत चुकीची आहे. या त्रासावर पायरीपायरीने उपचार करता येतात, आणि त्यांपैकी मज्जातंतूंच्या उद्दीपनाचा, म्हणजे त्यांना सौम्य विद्युतप्रवाहाने चालना देण्याचा, उपचार तर कायमचा स्वीकारण्याआधी स्वतःच्या रोजच्या जगण्यात वापरून पाहता येतो.

मल रोखून धरण्याचे काम कोणा एका स्नायूचे नाही. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वलये असतात. आतले वलय आपल्या नकळत सतत आवळलेले राहते, तर बाहेरचे आपण इच्छेने आवळतो. त्यांच्या वर, ओटीपोटाच्या तळाशी असलेला एक स्नायू मलाशयाला मागून वेढून पुढे ओढून धरतो, त्यामुळे तेथे कोन तयार होतो आणि मल सहज खाली सरकत नाही. आत आलेला पदार्थ वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे ओळखण्याची क्षमताही त्या भागात असते, आणि हे ओळखणे स्नायूंच्या ताकदीइतकेच महत्त्वाचे आहे. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या त्रिकास्थीतून, म्हणजे माकडहाडाच्या लगेच वरच्या हाडातून, बाहेर पडणारे मज्जातंतू या यंत्रणेतल्या संदेशांची ने-आण करतात. त्यांतला दुसरा, तिसरा आणि चौथा मज्जातंतू आपल्या विषयाच्या दृष्टीने मुख्य.

या साखळीतला कोणताही दुवा निखळला तरी ताबा सुटू शकतो. बाळंतपणात स्नायू फाटतो किंवा मज्जातंतू ताणला जातो, आणि त्याचा परिणाम कधी कधी वीस-तीस वर्षांनी, उतारवयात जाणवतो. मधुमेह, मलाशयावरील शस्त्रक्रिया, त्या भागाला दिलेले किरणोपचार, मणक्याची इजा, दीर्घकाळ चाललेले जुलाब, ही आणखी काही कारणे. वृद्धांमध्ये मात्र एक वेगळेच कारण आढळते, आणि ते ओळखले नाही तर उपचार उलटा होतो. बद्धकोष्ठतेमुळे घट्ट मल मलाशयात अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत राहतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात आणि जुलाब थांबवणारे औषध दिले जाते. म्हणून तपासणी आधी, औषध नंतर. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर ही तपासणी लवकर करून घ्यावी. आणि ताबा अचानक सुटून त्यासोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा पायांतली शक्ती कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आहारातले बदल, मलाला घट्टपणा आणणारी औषधे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे शिकवून करून घेतलेले व्यायाम, या पहिल्या पायऱ्या आहेत आणि अनेकांचे काम तेथेच भागते. ज्यांचे भागत नाही, त्यांच्यासाठी त्रिकास्थीजवळच्या मज्जातंतूंचे उद्दीपन हा पर्याय पुढे येतो.

या उपचाराची सुरुवात मूत्राशयाच्या विकारांपासून झाली. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एमिल टनागो आणि रिचर्ड श्मिट यांनी 1980 च्या दशकात हे तंत्र विकसित केले. शौचावरचा ताबा गेलेल्या रुग्णांसाठी ते वापरल्याचा पहिला अहवाल जर्मनीतल्या एर्लांगेन येथील शल्यविशारद क्लाउस मात्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दिला. त्यात रुग्ण होते अवघे तीन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कारणासाठी त्याला 2011 मध्ये मान्यता दिली.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो. रुग्णाला पालथे झोपवून, क्ष-किरणांच्या साहाय्याने त्रिकास्थीतले तिसरे छिद्र शोधतात आणि त्यातून एक बारीक तार मज्जातंतूच्या जवळ नेऊन ठेवतात. तार योग्य जागी पोहोचली की सौम्य विद्युतप्रवाह देताच गुदद्वाराभोवतीचे स्नायू आत ओढले जातात आणि त्याच बाजूच्या पायाचा अंगठा खाली वाकतो. या खुणेवरून डॉक्टर जागा पक्की करतात. तारेचे दुसरे टोक शरीराबाहेरच्या एका लहान यंत्राला जोडून रुग्णाला घरी पाठवले जाते. यापुढचे एक ते तीन आठवडे चाचणीचे असतात.

या उपचारातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. रुग्णाने चाचणीच्या आधी काही आठवडे आणि चाचणीच्या काळातही रोज लिहून ठेवायचे असते: मल किती वेळा निसटला, घाई किती वेळा झाली, पॅड किती वेळा बदलावे लागले. निसटण्याचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले, तरच पुढे जायचे. तसे झाले नाही, तर तार काढून टाकतात आणि बाकीचे पर्याय जसेच्या तसे खुले राहतात. एवढी मोठी निवड रुग्णाच्या स्वतःच्या नोंदवहीवर सोपवणारे उपचार वैद्यकशास्त्रात फार थोडे आहेत.

चाचणी यशस्वी झाली, तर हृदयाच्या पेसमेकरसारखे एक छोटे यंत्र नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली बसवतात. त्याचे स्पंद अखंड चालू असतात. रुग्णाला बहुधा हलकी टकटक किंवा मुंग्या जाणवतात, आणि प्रवाहाची पातळी रुग्ण हातातल्या नियंत्रकाने कमी-जास्त करू शकतो. हे यंत्र स्नायूला जबरदस्तीने आवळून धरते असा अनेकांचा समज असतो. अभ्यासकांचा कल मात्र असे मानण्याकडे आहे की मलाशयाकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांवर त्याचा प्रभाव पडतो आणि जाणीव व नियंत्रण यांचा मेळ सुधारतो. बाहेरचा स्नायू काही अंशी फाटलेला असतानाही काही रुग्णांना या उपचाराचा गुण येतो, ही गोष्ट त्या मताशी जुळते.

या उपचाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हा आजार मुळापासून बरा करणारा उपचार नाही. यंत्र बंद केले की त्रास सहसा परततो. जखमेत जंतुसंसर्ग होणे, यंत्राच्या जागी दुखणे, तार सरकणे, या कारणांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते, आणि बॅटरी संपली की यंत्र बदलावे लागते. एमआरआय तपासणीच्या आधी यंत्राची माहिती द्यावीच लागते, आणि शरीरात उष्णता निर्माण करणारी डायथर्मी टाळावी लागते. गर्भधारणा झाल्यास यंत्र बंद ठेवण्याचा सल्ला देतात.

घोट्याजवळ बारीक सुई लावून पायातल्या मज्जातंतूला आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे उद्दीपन देण्याची सोपी पद्धतही आहे. परंतु ब्रिटनमध्ये 227 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा गुण 38 टक्के रुग्णांना आला, तर त्या मज्जातंतूला उद्दीपन न देता केलेल्या नुसत्या दिखाऊ उपचाराचा 31 टक्क्यांना. हा फरक ठोस मानण्याइतका नव्हता. कोणी ही पद्धत सुचवली, तर हे आकडे समोर ठेवून प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

श्रोतेहो, तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला हा त्रास असेल, तर नोंदवही आजच सुरू करा: दिवस, वेळ, मल घट्ट होता की पातळ, आधी जाणीव झाली होती की नाही. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी घेऊन आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि गरज पडल्यास मलाशयाच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे जा. तोंडाने सांगणे अवघड वाटले, तर ती वही त्यांच्यापुढे ठेवा. नमस्कार.