पाऊणशे वॉटांचं कार्ड

[दृश्य : बाजूचं झाकण सरकतं. आत धूळ, केबलींचा गुंता आणि एक लांब, रिकामा स्लॉट.]

डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं राबलेले हे छोटे डेस्कटॉप एक दिवस ‘जुने झाले’ म्हणून बाहेर काढले जातात. समोरच्या यंत्रात चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर आहे. एसएसडी बसवली, रॅम वाढवली, की रोजचं काम तो अजूनही बिनतक्रार करतो. गाडी अडते ती गेम, थ्रीडी आणि व्हिडिओ एडिटिंगपाशी. एवढ्यासाठी अख्खं यंत्र भंगारात काढायची गरज नाही. तो लांब स्लॉट त्याच कामासाठी आहे : त्यात ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं वेगळं कार्ड, बसतं.

मात्र इथे सगळ्यात वेगवान कार्ड कोणतं, हे विचारायची घाई नको. आधी कॅबिनेट काय म्हणतं ते बघू.

[दृश्य : स्टीलची पट्टी कॅबिनेटच्या मागच्या खाचेला लावलेली. शेजारी दोन ब्रॅकेट (कार्ड कॅबिनेटच्या मागच्या बाजूला अडकवणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या), एक लांब, एक आखूड.]

मोठ्या टॉवरमध्ये बसणाऱ्या कार्डाचा ब्रॅकेट साधारण १२ सेंटिमीटर उंच असतो. इथे मिळतात जेमतेम ८. कार्डाचा बोर्ड ६९ मिलिमीटरच्या आत हवा. अशा कार्डांना लो-प्रोफाइल म्हणतात. त्यांची लांबी मानकाप्रमाणे १६८ मिलिमीटरच्या आत असायला हवी, पण कंपन्या ती बिनदिक्कत ओलांडतात. गिगाबाइटचं लो-प्रोफाइल आरटीएक्स ४०६० तब्बल १८२ मिलिमीटर भरतं. म्हणून पट्टी स्लॉटच्या मागच्या टोकापासून थेट हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत धरायची.

आता जाडी. काही कार्डं एका स्लॉटची, काही दोन स्लॉटची. लांब स्लॉट पॉवर सप्लायला चिकटून असेल तर दोन स्लॉटचा विषय तिथेच संपला. या यंत्रात शेजारची जागा मोकळी आहे.

[दृश्य : पॉवर सप्लायवरचं लेबल, अगदी जवळून. २४० वॉट.]

हे लेबल नीट वाचा. २४० वॉट. आणि या सप्लायमधून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी केबल निघतच नाही. म्हणजे कार्डाला जी वीज मिळेल, ती स्लॉटमधून. या स्लॉटचं मानक म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. त्याचा नियम सांगतो : १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, ३.३ व्होल्टवर तीन अँपिअर, सगळं मिळून ७५ वॉट. या पाऊणशे वॉटांत बसेल तेच कार्ड आपलं. काही छोट्या मॉडेलांत तर स्लॉटची मर्यादा याहून कमी ठेवलेली असते. तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतो, आणि कार्ड मागवायच्या आधी तो शोधलेला बरा.

मग एक आडवाट सुचवली जाते : साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, पॉवर केबलला अडॅप्टर लावून सहा पिनची जोडणी करायची. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. हिशेब होतो ५४ वॉटांचा. सहा पिनच्या जोडणीतून कार्ड ७५ मागू शकतं. प्लॅस्टिक वितळतं ते याच फरकामुळे. हा अडॅप्टर आम्ही वापरला नाही, तुम्हीही वापरू नका.

[दृश्य : टेबलावर चार कार्डं ओळीने. कॅमेरा डावीकडून उजवीकडे.]

या चौकटीत बसणारी कार्डं मोजकीच. जीटीएक्स १०५० टीआय आलं २०१६ साली, जीटीएक्स १६५० आलं २०१९ला, आरएक्स ६४०० २०२२ला आणि आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी अवतार २०२४ला. छोट्या कॅबिनेटवाल्यांची आठवण कंपन्यांना दोन-तीन वर्षांतून एकदा होते, आणि तीही अर्ध्या मनाने.

पहिलं कार्ड सेकंडहँड सहज मिळतं, पण एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं २०२५मध्ये बंद केलं. १६५० अजून चालण्यासारखं आहे, मेमरी मात्र ४ जीबीच.

[दृश्य : आरएक्स ६४०० उलटं धरलेलं. कडेचे सोनेरी संपर्क, अतिजवळून.]

हे पाहा. कड लांब आहे, पण सोनेरी पट्ट्या सुरुवातीला थोड्याच, पुढे कोरा बोर्ड. सोळा लेनच्या, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांच्या, स्लॉटमध्ये बसतं, वापरतं फक्त चार. लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या चिपचं हे कार्ड. पीसीआय एक्सप्रेस ४.० असलेल्या नव्या मदरबोर्डवर चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी जातात. आपला मदरबोर्ड आधीच्या ३.० पिढीचा, म्हणजे इथे ४च. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच अरुंद बोळातून रॅमकडे ये-जा करतो आणि गेम अडखळतो. शिवाय यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारा भागही नाही. वीज मागतं फक्त ५३ वॉट आणि एका स्लॉटमध्ये मावतं, हे गुण खरेच. पण जुन्या यंत्राला ते जुळत नाही. इंटेलच्या आर्क ए३८०ची अडचण निराळी. रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, नसेल तर त्याचा वेग पडतो, आणि इतक्या जुन्या मदरबोर्डवर ती नाही.

उरलं ३०५०. इथे नावाने फसू नका. २०२२चं ८ जीबीचं ३०५० तब्बल १३० वॉटांचं, त्याला वेगळी केबल लागते. २०२४चं ६ जीबीचं फक्त ७० वॉटांचं. नाव एकच, म्हणून जाहिरातीत मेमरीचा आकडा आधी वाचायचा. वर्कस्टेशनमधून निघालेलं आरटीएक्स ए२०००, हेही ७० वॉटांचं आणि मुळातच लो-प्रोफाइल, मिळालं तर तेही उत्तम.

[दृश्य : ब्रॅकेट बदलणं. स्क्रूड्रायव्हर, बारीक स्क्रू, दोन बोटं.]

लो-प्रोफाइल कार्डालाही बऱ्याचदा लांब ब्रॅकेट लावलेला असतो. आखूड ब्रॅकेट खोक्यात वेगळा मिळतो. सेकंडहँड घेताना तो आहे ना, हे विचाराच. त्या बोटभर पत्र्यावाचून कार्ड कॅबिनेटमध्ये बसत नाही. पोर्टजवळचे स्क्रू काढा, लांब ब्रॅकेट सोडवा, आखूड लावा, स्क्रू हलक्या हाताने आवळा. मग यंत्राची निळी खिटी उचला, कार्ड सरळ खाली दाबा. स्लॉटच्या टोकाची कडी ‘टक्’ करून बसली पाहिजे. आता पंख्याजवळून जाणारी साटाची केबल बाजूला वळवून बांधून टाका.

[दृश्य : पडद्यावर गेम, कोपऱ्यात वॉटचा आकडा.]

१०८०पीवर मध्यम सेटिंगला बहुतेक गेम खेळता येतात. चारच कोर असल्याने काही ठिकाणी प्रोसेसर दमतो. विंडोज ११ला हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा लिनक्सचा विचार करून ठेवा.

[दृश्य : यंत्राची मागची बाजू. मदरबोर्डचे पोर्ट आणि खाली कार्डाचे.]

मॉनिटरची केबल आता या खालच्या पोर्टमध्ये. ती वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टलाच राहिली तर कार्ड बसून राहतं आणि चित्र प्रोसेसरच काढत बसतो. कार्डावर व्हीजीए, म्हणजे जुन्या मॉनिटरांचा, पोर्ट नाही. मॉनिटर व्हीजीएचा असेल, तर अॅक्टिव्ह कन्व्हर्टर, म्हणजे डिजिटल सिग्नल व्हीजीएत बदलून देणारा जोड, कार्डाबरोबरच मागवून ठेवा.