कॅलिपर उतरवताना थेंब थांबवायचा कसा

(पडद्यावर : चाक उतरवलेलं आहे. मोकळ्या लोंबणाऱ्या ब्रेक होजचं तोंड, अगदी जवळून.)

हा थेंब बघा. होजच्या, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल पोहोचवणाऱ्या रबरी नळीच्या, तोंडाशी जमतो, फुगतो, ओघळतो, आणि लगेच त्याच्यामागे दुसरा जमायला लागतो. जुना कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्क आवळून चाक थांबवणारा भाग, खाली ठेवलाय, नवा अजून खोक्यात आहे, आणि वॉशर शोधायला माणूस उठून गेलाय. थेंबच तर आहेत, असं कुणालाही वाटेल. पण हे थेंब येतात बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतून. इथे थेंब पडला की तिथली पातळी तेवढी उतरते. वॉशर लवकर सापडले नाहीत आणि डबी तळाला गेली, तर ऑइलच्या पाठोपाठ वरून हवा यायला लागते. आधी मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या पंपात, तिथून एबीएसच्या, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, ब्लॉकमध्ये, तिथून पाइपात. मग एका चाकाचं काम चार चाकांचं होतं.

ब्रेकने एअर धरली की ती काढायची कशी, हे पुष्कळ ठिकाणी दाखवतात. ती आत शिरूच नये म्हणून आधी काय करायचं, हे फार कमी जण सांगतात. आज तेच बघू.

(पडद्यावर : कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो उचलला जातो आणि तारेने स्प्रिंगला टांगला जातो.)

नुसते ब्रेक पॅड किंवा डिस्क बदलायची असेल, तर ऑइलची लाइन उघडायचं कारणच नाही. बोल्ट काढा, कॅलिपर होजसकट बाजूला घ्या आणि तारेने टांगा. होजवर त्याचा भार पडू देऊ नका. कॅलिपर चांगला जड असतो आणि त्या वजनाने होज आतून तुटू शकतो. जोडणी बंद आहे तोवर हवेला वाट नाही. फक्त या काळात ब्रेक पेडलला कुणाचा पाय लागता कामा नये. समोर डिस्क नसताना पेडल दाबलं तर पिस्टन पुढे येत येत कॅलिपरमधून बाहेर पडतो, ऑइल सांडतं आणि हवा आत जाते. गाडीत मुलं बसलेली असतील तर त्यांना आधी उतरवा. पिस्टन परत आत दाबताना डबीवरही नजर ठेवा. ऑइल उलटं वर चढतं आणि डबी भरून वाहिली तर जिथे पडेल तिथला रंग सोलून काढतं. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

खरा प्रश्न येतो कॅलिपरच बदलायचा असतो तेव्हा. पिस्टन गंजून अडकलाय, सील गळतंय, किंवा होज फुगलाय. तेव्हा लाइन उघडावीच लागते.

(पडद्यावर : दोन काचेच्या सिरिंज, मधे पारदर्शक नळी. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा लगेच वर येतो. मग नळीत एक बुडबुडा सोडला जातो.)

द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही. एका जागी दिलेला दाब तो सगळीकडे सारखा पोहोचवतो. पास्कलने सतराव्या शतकात मांडलेलं हे तत्त्व १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या मोटारीच्या चारही चाकांवर आलं आणि आजही बहुतेक गाड्या त्याच्याच भरवशावर थांबतात. हवेचं वागणं वेगळं आहे. तापमान तेच राहिलं आणि दाब पन्नासपट झाला, तर हवेचा बुडबुडा पन्नासाव्या हिश्शाएवढा होतो. म्हणजे एक घन सेंटीमीटर हवा दाबाखाली जवळजवळ नाहीशी होते, आणि तेवढं ऑइल पॅड दाबण्याऐवजी ती मोकळी जागा भरण्यात खर्च होतं. पेडलच्या एका दाबात मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो तेच मुळी काही घन सेंटीमीटर. आता पायाखाली काय होत असेल ते बघा. पेडल मऊ लागतं, खोल जातं, दोनदा मारलं की जरा वर येतं. गॅरेजमध्ये याला स्पंजी पेडल म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे.

(पडद्यावर : उभा कापलेला मास्टर सिलिंडर. कॅमेरा आतल्या भिंतीकडे सरकतो.)

आता या कापलेल्या सिलिंडरकडे नीट बघा, कारण सगळी मेख इथे आहे. हा पिस्टन. त्याच्या तोंडावर हा रबरी कप. आणि कपाच्या किंचित पुढे, भिंतीत, हे छिद्र. टाचणी कशीबशी जाईल एवढं. पेडल मोकळं असतं तेव्हा हे छिद्र उघडं असतं आणि वरची डबी थेट चाकापर्यंतच्या पाइपाला जोडलेली असते. तशी ती असायलाच हवी. ऑइल तापून फुगलं तर वर जायला वाट हवी, पॅड झिजले तर खाली उतरायला वाट हवी. पण लाइन उघडली की याच वाटेने डबी रिकामी होते. काही सिलिंडरांत छिद्राऐवजी पिस्टनच्या पोटात छोटी झडप असते. काम तेच.

आता पेडल थोडं दाबू. कप पुढे सरकला आणि छिद्राच्या पलीकडे गेला. डबी आणि पाइप यांची ताटातूट झाली. पेयात बुडवलेल्या स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट ठेवून ती उचलली की पेय आतच राहतं. खालून पडायचं तर वरून काहीतरी आत यायला हवं, आणि बोटाने ती वाट बंद केलेली असते. इथे रबरी कप ते बोट आहे. होजमधलं ऑइल गळायचं थांबतं, किंवा इतकं मंदावतं की काम संपेपर्यंत डबीला धक्का लागत नाही.

म्हणून पहिलं काम ड्रायव्हरच्या सीटवर आहे, चाकाशी नाही.

(पडद्यावर : पेडल आणि सीट यांच्यामध्ये अडकवलेला दांडा.)

काही कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पेडल दाबून धरायचं खास हत्यार सांगितलेलं असतं. ते नसेल तर मजबूत लाकडी दांडाही चालतो, फक्त तो घसरता कामा नये. क्रम असा. ज्या कॅलिपरवर काम आहे त्याच्या निपलला, म्हणजे हवा आणि ऑइल बाहेर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा, निपल सैल करा. मग पेडल हळूहळू काही सेंटीमीटर खाली न्या. मॅन्युअलमध्ये अंतर दिलं असेल तर तेच धरा. तिथे दांडा लावून पेडल अडकवा आणि निपल बंद करा. निपल आधी उघडायचं, कारण नाहीतर लाइनमध्ये दाब कोंडून राहील, पॅड डिस्कला आवळून धरतील आणि जोडणी सोडताच ऑइल अंगावर उडेल. चष्मा आणि हातमोजे हवेतच. पेडल तळापर्यंत नेऊ नका. जुन्या सिलिंडरच्या टोकाकडचा भाग वर्षानुवर्षं न घासलेला असतो, तिथल्या गंजावरून कप गेला तर चिरतो.

एकदा लाइन उघडली की तो दांडा शेवटपर्यंत हलवायचा नाही. पेडल मधेच सुटलं तर पिस्टन मागे येताना उघड्या होजमधून हवा ओढून घेईल, म्हणजे ज्याची भीती तेच होईल. पेडल दाबलेलं असल्यामुळे मागचे ब्रेक लाइट चालू राहतात. काम लांबणार असेल तर बॅटरीची एक वायर सोडा. ज्या गाड्यांत पेडल आणि ब्रेक यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे, किंवा मागच्या कॅलिपरवर इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आहे, त्यांना आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावं लागतं. तिथे दांडा घेऊन बसण्याआधी मॅन्युअल उघडा.

(पडद्यावर : बँजो बोल्ट सुटतो. एक थेंब, मग काहीच नाही.)

कॅलिपर जागेवर घट्ट बसलेला असतानाच होजचा बँजो बोल्ट, म्हणजे होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट, सैल करून घ्या, आणि पुन्हा हलका आवळा. सुटा कॅलिपर हातात धरून तो बोल्ट फोडायला गेलात तर होज पिळला जातो. मग कॅलिपरचे बोल्ट काढा, बँजो सोडा आणि होजच्या तोंडावर लगेच रबरी टोपी चढवा. टोपी हाताशी आधीच ठेवलेली असू द्या. हवेइतकीच धूळही नको असते.

काही जण डबीच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून झाकण आवळतात. झाकणातलं हवेचं भोक बंद झालं की तिथेही स्ट्रॉचंच तत्त्व लागू होतं. जोड म्हणून वाईट नाही, फक्त नंतर तो कागद आठवणीने काढा. पण होज पकडीने चिमटून बंद करायची सवय मला अजिबात पटत नाही. पकडीच्या दात्यांनी आतलं अस्तर फाटतं, त्याची जीभ आत लोंबते आणि झडपेसारखी अडते. दाब आत जातो, परत येत नाही, आणि चाक जाम राहतं. बाहेरून होज धडधाकट दिसतो, त्यामुळे दोष सापडायला फार वेळ जातो.

(पडद्यावर : नवा कॅलिपर हातात. निपलमधून तो ऑइलने भरला जातो.)

नवा कॅलिपर रिकामा येतो. म्हणजे हवेची एक मोठी पिशवीच आपण लाइनला जोडत असतो. बसवण्याआधी त्यात ताजं ऑइल भरून, तिरका फिरवून, बोटाने टिचक्या मारून बुडबुडे काढले की नंतरचं निम्मं काम संपतं. बँजोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घ्या. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा तसाच दबत नाही, आणि जिथून ऑइल पाझरतं तिथे हवेचंही फावतं.

आणि निपल कुठे आहे ते बघा. हे मी अनुभवाने सांगते. पुढचे दोन्ही कॅलिपर बदलले होते, पेडल व्यवस्थित धरून ठेवलं होतं, थेंब सांडला नव्हता. तरी पेडल मऊ. दोन तास निपल उघडत आणि बंद करत बसले, दोन बाटल्या ऑइल गेलं. शेवटी शेजारी काम करणारे एक वयस्कर मेकॅनिक उठून आले, चाकाशी वाकले, बोट दाखवलं आणि म्हणाले, "अगं, निपल खाली आहे." डावीकडचा कॅलिपर उजवीकडे गेला होता आणि उजवीकडचा डावीकडे. बोल्ट तंतोतंत बसले होते. पण हवा वर चढते, आणि आमची बाहेर पडायची वाट तळाला होती. वरच्या कोपऱ्यात बसलेला तो बुडबुडा तिथून कधीच हलला नसता. कॅलिपर अदलाबदल केले आणि वीस मिनिटांत पेडल कडक झालं.

(पडद्यावर : निपलला पुन्हा नळी. दांडा काढला जातो.)

कॅलिपर बसला, बँजो मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळला, की मगच दांडा काढा. डबी ताज्या ऑइलने भरा, निपल उघडा आणि ऑइलला आपल्या वजनाने उतरू द्या. नळीतून आधी बुडबुडे येतील, मग ऑइलची सलग धार. त्यानंतर दोघांनी मिळून नेहमीसारखं : एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, आणि निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. डबी किमान खुणेच्या खाली जाऊ द्यायची नाही. सगळं नीट झालं असेल तर एवढं एकच चाक पुरतं. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली असती, तर पुष्कळ गाड्यांत स्कॅनर लावून त्यातल्या झडपा चालवाव्या लागल्या असत्या.

बाटलीत जमलेलं ऑइल परत डबीत ओतू नका. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारची ब्रेक ऑइलं ओलावा शोषून घेतात. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावरच्या कसोटीत हीच मर्यादा १५५ अंश आहे. लांब घाटउतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, वाफ होते, आणि सीलबंद लाइनमध्येही बुडबुडा तयार होतो.

(पडद्यावर : पेडलवर पाय. बंद इंजिन.)

इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबा, पॅड डिस्कपर्यंत येऊ द्या. पाय जोर देऊन धरा आणि मनात तीसपर्यंत मोजा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, जागा झाला की पेडल किंचित खाली जातं. ते बरोबर आहे. मग उतरून बँजोच्या कडेने कोरडा पांढरा कागद फिरवा.

(पडद्यावर : कागद. कोरडा.)