दुसऱ्या गालाची तालीम

अध्यक्ष महोदय, पाळकसाहेब आणि मंडळीतल्या बंधुभगिनींनो, पत्रिकेवर विषय छापलाय 'ख्रिस्ती अहिंसा : सिद्धांत आणि सेवाकार्य'. सिद्धांताकडे येतोच, पण आधी नागपूरला जाऊ.

साल 1953. हिस्लॉप कॉलेजात 24 वर्षांचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण येतो. जेम्स लॉसन. मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचा. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरतीला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त तुरुंगवास भोगून आलेला. मुलांना फुटबॉल शिकवायचा आणि गांधीजींचा सत्याग्रह समजून घ्यायचा, असा त्याचा इथला मुक्काम. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध अमेरिकेत माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी केलेल्या बस-बहिष्काराची बातमी त्याने वाचली तीही नागपूरच्याच वर्तमानपत्रात!

मार्टिन ल्यूथर किंग यांनी गांधीजींकडून घेतलं, हे आपण दर 2 ऑक्टोबरला ऐकतो. मधल्या या माणसाचं नाव कुणी घेत नाही. नागपुरातल्याच एका कार्यक्रमात मी ते घेतलं, तर पुढच्या रांगेतले जाणते लोक एकमेकांकडे बघायला लागले. आपल्या अंगणातून गेलेला माणूस आपल्यालाच ठाऊक नसावा, याचं मला फार वाईट वाटतं.

असो. 1957च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ओबर्लिनला त्याची आणि किंग यांची गाठ पडली. थांबू नका, आत्ताच अमेरिकेच्या दक्षिणेत या, असं किंग यांनी त्याला सांगितलं. तो तिथल्या नॅशव्हिल शहरात गेला आणि तिथे एका चर्चच्या तळघरात त्याने तालीम सुरू केली. तालीमच म्हणतो मी, आपल्या पैलवानांची असते तशी. काही जणांनी खुर्चीवर बसायचं. बाकीच्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा. बसलेल्याने उलट हात उचलायचा नाही, पण नजरही खाली घालायची नाही. खाली पडलात तर डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्याला मार बसत असेल तर आपलं अंग मध्ये कसं घालायचं, हे सगळं घोटून घेतलं जाई.

एकदा एक गोरा तरुण लॉसनच्या अंगावर थुंकला. लॉसनने त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गांगरला की त्याने खिशातून काढून दिलासुद्धा. लॉसनने थुंकी पुसली, रुमाल परत केला आणि विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? होती. मग दोघं मोटरसायकलवर बोलत उभे राहिले. मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल! पण सांगताना अजून घसा दाटतो.

13 फेब्रुवारी 1960ला या तालमीतले विद्यार्थी नॅशव्हिलमध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले. त्यांनी मार खाल्ला, ते तुरुंगात गेले. मार्चमध्ये लॉसनला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. 10 मेला त्याच काउंटरांवर कृष्णवर्णीयांना जेवण वाढलं गेलं.

पाळकसाहेब घड्याळ दाखवताहेत, तेव्हा सिद्धांत भराभर सांगतो.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 5व्या अध्यायात, येशू म्हणतो की कुणी तुझ्या उजव्या गालावर मारलं तर दुसराही पुढे कर. तिथे मुद्दाम 'उजव्या' गालावर असं म्हटलंय. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर पालथा हात लागतो, आणि तशी चापट धनी गुलामाला मारतो. दुसऱ्या गालावर मात्र सरळ हातानेच मारावं लागतं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, दुसरा गाल पुढे करणारा सांगत असतो की मारायचंच तर बरोबरीचा समजून मार. मला हा अर्थ पटतो. यात शरणागती कुठे आहे?

दुसरं, त्याच अध्यायात येशूने धन्य म्हटलंय ते 'शांती करणारे' यांना. गप्प बसणाऱ्यांना नव्हे.

तिसरं, मत्तय 18. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून बोल. आपल्याकडे कमिटीत, व्हॉट्सॲपवर, अख्ख्या गावात बोलून होतं आणि मग त्या भावाला कळतं. मंडळ्या फुटतात त्या इथे. एकट्याने दार वाजवायला जायचं धैर्य आयत्या वेळी येत नाही, त्याचीही तालीमच लागते.

म्हणून शनिवारी संध्याकाळी 5 वाजता मागचा हॉल उघडा ठेवायला सांगितलंय. तरुण संघाने 10 खुर्च्या काढून ठेवाव्यात. पहिला मी बसतो.