महदाइसा गाते

(दृश्य: पहाट. मांडवाला आंब्याचे डहाळे.)

लग्नघरी आज हळद आहे. जात्यावर बसलेल्या बायांनी गाणं धरलंय. एकीनं ओळ सोडली, की बाकीच्या उचलतात. हे रिद्धपूर, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातलं. सातशे वर्षांहून आधी याच गावात असाच एक मांडव उभा राहिला होता, आणि त्यातली गाणी महदाइसेनं रचली होती.

महदाइसा, म्हणजेच महदंबा. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिला मान मिळाला. ती गाणारी होती, हे मात्र मागे पडलं.

तिचे गुरू चक्रधरस्वामी, महानुभाव पंथाचे प्रवर्तक. त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात, लीळाचरित्रात, ती सारखी भेटते, काही ना काही विचारत असलेली. पुढे ती रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिली. एकदा प्रभूंनी आपल्या लग्नाचा हट्ट धरला. भक्तांनी तोही पुरवला. प्रभू महदाइसेला म्हणाले, गा. तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. साल सुमारे 1287.

महदाइसा बालविधवा होती. आपल्याकडे पुढे कित्येक पिढ्या विधवेला हळदीच्या ताटालाही हात लावू दिला नाही. इथे तर लग्नाची मंगलगाणी तिनंच रचली, तिनंच गायली, तीही खुद्द प्रभूंच्या सांगण्यावरून. या प्रसंगातलं मला हेच सर्वांत मोठं वाटतं.

धवळा म्हणजे नवरदेवाचं गाणं. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांनी त्याच तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या गेय प्रबंधांत, म्हणजे गाण्याच्या रचनांत, धवल आहे, ओवीही आहे. बायांच्या तोंडचं हे गाणं शास्त्रानं दखल घेतलेलं होतं.

आणि रुक्मिणी कुठली? विदर्भाची लेक. माहेर कौंडिण्यपूर, वर्धा नदीच्या काठी, याच जिल्ह्यात. महदाइसा आपल्याच मुलखातल्या पोरीचं लग्न गात होती.

महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळसारख्या सांकेतिक लिप्यांत जपल्या. पोथ्या टिकल्या, पण पंथाबाहेरच्यांना शतकानुशतकं वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकात लिप्या उलगडल्या, धवळे छापले गेले. शब्द हाती आले. चाल कुणी लिहून ठेवली नव्हती.

(दृश्य: पुन्हा जातं. बायांचा आवाज.)

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. तिथल्या पोरापोरींनी धवळ्यांची वही घेऊन एकदा या मांडवात यावं, जात्यापाशी बसावं आणि म्हणावं, “माय, हे तुमच्या चालीवर म्हनून पाहा बरं.”